वळचणीच्या वर जायचं नाही

दसरा झाला की मला एक फोन ठरलेला. "काका, तुमची शिडी दोन दिवस मिळेल का?" न्यू जर्सीत नुकतंच घर घेतलेलं कोणीतरी असतं. इतकी वर्षं अपार्टमेंटच्या बाल्कनीत आकाशकंदील टांगला, आता हक्काचं छप्पर मिळालं, मग रोषणाई हवीच. शिडी मी देतो, पण तिच्यासोबत माझं व्याख्यानही ऐकावं लागतं. तेच इथे लिहून ठेवतोय.

छपरावर चढायचं नाही. आपल्या कोकणातल्या मंडळींना हे पटवणं सगळ्यात अवघड. मीही लहानपणी शाकारणीला वडिलांच्या मागोमाग कौलांवर चढलेलो. वासा कुठे आहे ते पायाला आपोआप कळायचं. इथली छपरं वेगळी. डांबरी शिंगल्सवर, म्हणजे कौलांऐवजी ठोकलेल्या चपट्या तुकड्यांवर, बारीक खडीचा थर असतो, तो जुना झाला की कण सुटतात आणि बुटाखाली रव्यासारखे घरंगळतात. त्यात सकाळचं दव गोठलेलं असलं तर खालून काही दिसतही नाही. आणि माळा लावायच्या असतात त्या वळचणीला, पन्हळीच्या काठावर. तिथवर शिडीवरूनच हात पोचतो. मग वर काय काम?

अर्थात शिडीनेही मला एकदा शिकवलंय. पहिल्याच वर्षी लॉनवर मेपलची ओली पानं पडलेली होती, ती बाजूला न करता मी शिडी टेकवली. चढलो, माळेचं टोक अजून हातभर लांब होतं म्हणून उजवीकडे झुकलो, आणि डावा पाय वीतभर सरकला. पन्हळ पकडली म्हणून वाचलो. पन्हळीला तेव्हा आलेला पोक अजून तसाच आहे. शिडी घ्यायला येणाऱ्याला आधी तो दाखवतो.

तेव्हापासून जमीन झाडून घेतो. शिडीचा कोन असा बघायचा: चार फूट उंचीला एक फूट अंतर. पन्हळ सोळा फुटांवर असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून चार फूट. मोजपट्टी नको असेल तर शिडीच्या पायाला बुटांची टोकं लावून ताठ उभं राहा आणि हात समोर सरळ करा. तळवे पायरीवर आरामात टेकले तर कोन बरोबर. पन्हळ पातळ ॲल्युमिनियमची असते, शिडी तिच्यावर टेकवली की ती दबते आणि शिडी आडवी घसरते. शिडीला वर अडकवायचा स्टँड-ऑफ मिळतो, तो भिंतीवर टेकतो. पोट शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्येच राहिलं पाहिजे. हात पोचत नसेल तर खाली उतरा, शिडी सरकवा, पुन्हा चढा. कंटाळा येतो, येऊ द्या. शिडी धरायला खाली एक माणूस हवा, तोही फोन खिशात ठेवलेला.

रस्त्यावरच्या खांबापासून घरात येणारी विजेची तार आधी शोधून ठेवा. तिच्यापासून शिडी आणि तुम्ही किमान दहा फूट लांब. शिडी विकत घेणारच असाल तर फायबरग्लासची घ्या. ॲल्युमिनियमची हलकी असते खरी, पण तिच्यातून करंट जातो. दुमजली घराचा वरचा त्रिकोण मात्र सोडून द्या. हौस दांडगी असेल तर विमा असलेल्या माणसाला पैसे देऊन करून घ्या. मी खालच्या मजल्यापुरताच लावतो आणि घर काही कमी उजळत नाही.

आता वायरिंग. बॅगेत भरून आणलेल्या भारतातल्या माळा कृपा करून लावू नका. त्या 230 व्होल्टच्या, इथे 120 व्होल्ट. एक तर मिणमिणतात, आणि उघड्या पिळलेल्या जोडांवर बर्फ पडला की काय होईल ते सांगायला नको. माळेच्या टॅगवर यूएलची, म्हणजे सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेची, खूण आणि आउटडोअर असं लिहिलेलं हवं. एक्स्टेन्शन वायरही बाहेरचीच. जुन्या पद्धतीचे मोठे बल्ब सात वॅटचे असतात, पंचवीस बल्बांची एक माळ म्हणजे 175 वॅट. पंधरा अँपियरच्या सर्किटवर सलग 1440 वॅटच्या वर जाऊ नये, म्हणजे आठ माळांत खेळ खलास, आणि त्याच सर्किटवर गॅरेजचा फ्रिज असेल तर त्याआधीच. एलईडी घेतलीत तर हा हिशोब जवळजवळ करावाच लागत नाही. तरी एकापुढे एक किती माळा जोडायच्या ते टॅगवर बघा.

बाहेरच्या सॉकेटवर दोन छोटी बटणं असतात. टेस्ट दाबा, वीज गेली पाहिजे, मग रीसेट. पावसात हे सॉकेट वारंवार बंद पडलं तर चिडून खिडकीतून घरातली वायर बाहेर काढू नका. ते आपलं काम करतंय, कुठल्या तरी जोडात पाणी शिरलंय. जोड पन्हळीत पडू देऊ नका, लोंबता ठेवा, आणि प्लगआधी वायरला खाली झोका द्या म्हणजे थेंब तिथून गळतील. खिळे आणि स्टेपल अजिबात नकोत, प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात.

सगळ्या माळा आधी दिवाणखान्यात लावून बघा. आणि प्लगचं टोक सॉकेटच्या बाजूला येतंय ना, तेही. हसू नका. चाळीस फूट लावून झाल्यावर हातात चुकीचं टोक घेऊन उभे असलेले दोन इंजिनिअर मी पाहिलेत.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा टायमर बदला. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, तारखांचे नियम असतील तर आधी वाचा. ख्रिसमसच्या गर्दीत आपली दिवाळी खपून जाते, पण ऑक्टोबरात लावल्यात तर कोणीतरी विचारतंच.

या माळा हंगामी असतात, नव्वद दिवसांपेक्षा जास्त बाहेर ठेवायच्या नाहीत. 2025 साली लक्ष्मीपूजन 20 ऑक्टोबरला होतं. तिथून संक्रांतीपर्यंत बरोबर 86 दिवस. म्हणून आमच्याकडे तिळगूळ वाटून झाला की बर्फ नसलेली दुपार बघून माळा उतरतात. ओढून काढू नका, थंडीत क्लिपा कडकड तुटतात. पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि वर लिहा: 'गॅरेजची बाजू'. आणि शिडी परत आणून द्या.