जुन्या गुरूंच्या चित्रावरून आत्मचित्र कसे काढावे

आत्मचित्रासाठी जुन्या चित्रकाराचा आधार घ्यायचा असेल, तर उसने नेमके काय घ्यायचे हे आधी ठरवावे. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांटने ते कसे ठरवले, याचा माग काढता येतो. इटालियन चित्रकार राफाएलने रंगवलेले बाल्दासारे कास्तिल्योने या दरबारी लेखकाचे व्यक्तिचित्र १६३९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लिलावात आले, तेव्हा त्याने त्याचे झटपट रेखाटन केले आणि चित्र ३५०० गिल्डरला गेल्याची नोंदही त्याच कागदावर केली. टोपी मात्र त्याने मुळापेक्षा तिरकी केली. इटालियन चित्रकार तिशियनचे फुगीर निळ्या बाहीच्या पुरुषाचे चित्रही त्याला ठाऊक होते. १६४० मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी रंगवलेल्या आत्मचित्रात त्याने तिशियनचा कठड्यावर टेकलेला हात आणि वळून पाहणारी नजर घेतली. चेहरा मात्र स्वतःचाच, काहीसा थकलेला ठेवला.

तिशियनचे ते चित्र आणि रेम्ब्रांटचे हे आत्मचित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यांच्या प्रतिमा शेजारी ठेवून, डोळे किलकिले करून फक्त मोठे आकार पाहावेत आणि टोपी, बाही व कठडा यांची काडेपेटीएवढी तीन-चार टिपणे कोळशाने करावीत. पोशाखाच्या नादी लागू नये. रेम्ब्रांटने मुद्दाम शंभर वर्षांपूर्वीची वस्त्रे चढवली, ती त्याला शोभली. मी मखमली टोपी घालून बसलो, तेव्हा पणजीच्या कार्निव्हलमधून वाट चुकल्यासारखा दिसत होतो.

कठड्यासाठी खिडकीची चौकट पुरते. जुन्या गोमंतकीय घरांतील शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा उजेड दुधाळ असतो, त्यामुळे नाकाची सावली गालावर कापल्यासारखी न पडता हळूहळू विरते. तावदानाची एकच झडप उघडी ठेवून आरसा तिच्यासमोर तिरका लावावा. आरशात उजवा हात डावा दिसतो, म्हणून कोणता हात टेकायचा हे आरशात पाहूनच ठरवावे.

रंगाचे थर प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या, सांगे येथे १८७० मध्ये जन्मलेल्या आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रे पणजीत फोंताइनस भागातील फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेच्या संग्रहात आहेत. दालन खुले आहे का, हे विचारून जावे. बैठक एकदा जमली की तिशियन आणि रेम्ब्रांटच्या प्रतिमा पालथ्या घालाव्यात आणि पुढचे सगळे आरशावरूनच रंगवावे.