यूइंट८ मध्ये परसेंट डी ने वाचू नका, माझ्या मार्कशीटचे तीन विषय शून्य झाले होते

सी येतं, पॉइंटर थोडेफार कळतात, स्कॅनएफ रोज वापरता, असं धरूनच लिहितेय. हे खास त्यांच्यासाठी ज्यांनी नुकतंच यूइंट८_टी, इंट१६_टी वगैरे (नावातच बिट ठरलेले पूर्णांक टाइप, ८ बिट म्हणजे एक बाइट, यू म्हणजे अनसाइन्ड, उणे आकडा नाही) वापरायला सुरुवात केलीय, कारण मी नेमकी तिथेच अडकले होते आणि ते दोन दिवस अजून आठवले की पोटात गोळा येतो.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मार्कशीटचा मिनी प्रोजेक्ट होता. एका सिनियरने सांगितलं की गुण शंभरच्या वर जात नाहीत, मग इंटचे चार बाइट कशाला, यूइंट८_टी घे, एका बाइटमध्ये काम होतं. सल्ला चुकीचा नव्हता. पण वाचायचं कसं विचारलं तर म्हणाला परसेंट डी चालतं, वॉर्निंग येईल, दुर्लक्ष कर. आणि खरंच चाललं! स्ट्रक्चरमध्ये सहा विषयांचा यूइंट८ चा अ‍ॅरे, त्याच्यामागे हजेरीसाठी यूइंट१६, असे साठ विद्यार्थी. मी तीन जणांचे गुण भरले, टोटल बरोबर, टक्के बरोबर, मी खूश.

ओरलच्या आदल्या दिवशी मेनूत दुरुस्तीचा पर्याय घातला. गुण होते ६७, ७२, ५८, ८१, ९०, ७६. तिसऱ्या विषयाचे ५८ चे ६३ केले आणि छापून बघितलं तर ६७, ७२, ६३, ०, ०, ०. शेवटचे तीन विषय गायब. मी रात्री दोनपर्यंत दुरुस्तीच्या फंक्शनमध्ये चूक शोधत होते, लूप तपासला, इंडेक्स तपासला, फंक्शन पूर्ण पुसून परत लिहिलं, तरी तेच. चूक तिथे नव्हतीच.

आता हे नीट समजून घ्या, मी इथे जरा जास्तच लिहिणार आहे. परसेंट डी म्हणजे तुम्ही स्कॅनएफला सांगता की या पत्त्यावर एक इंट बसतोय. स्कॅनएफला फक्त पत्ता मिळतो, तिथे खरंच किती जागा आहे हे त्याला कळायला मार्गच नाही, म्हणून ते तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून चार बाइट लिहितं. तुमची जागा एक बाइटची, उरलेले तीन शेजाऱ्याच्या घरात. आपले नेहमीचे पीसी लिटल एंडियन असल्यामुळे लहान बाइट आधी येतो, म्हणजे ६३ लिहिताना मेमरीत ३एफ, ००, ००, ०० असं पडतं (३एफ म्हणजे हेक्समध्ये, १६ च्या पायात, ६३). पहिला बाइट बरोबर जागी बसतो म्हणून तुम्हाला आकडा बरोबर दिसतो, आणि पुढची तीन शून्यं शेजारच्यांना पुसून टाकतात. आणि क्रमाने भरताना हे का दिसलं नाही? कारण पहिला विषय वाचताना दुसरा, तिसरा, चौथा पुसला जातो, पण ते अजून भरायचेच असतात! सहावा वाचताना हजेरी पुसली जाते, तीही आपण नंतरच विचारतो. प्रत्येक चूक पुढच्या इनपुटखाली झाकली जाते. दुरुस्ती मात्र मधल्या जागी होते, मागून झाकायला कोणी येत नाही.

हे मला लॅबमधल्या असिस्टंट मॅडमनी दाखवलं. त्यांनी उत्तर सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या की अ‍ॅरेचा एकेक बाइट हेक्समध्ये छाप, वाचायच्या आधी आणि नंतर. पाच मिनिटांत डोळ्यांसमोर दिसलं. माझं स्पष्ट मत आहे, जो वॉर्निंगकडे दुर्लक्ष कर म्हणतो त्याचं ऐकू नका, मग तो कितीही हुशार असो. जीसीसी कंपायलरला डॅश डब्ल्यू-ऑल (वॉर्निंग चालू करणारा पर्याय) लावलं की ही चूक ते ओळ नंबरासकट सांगतं, मलाही सांगत होतंच. अ‍ॅड्रेस सॅनिटायझरच्या (प्रोग्राम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) भरवशावर राहू नका, एकाच अ‍ॅरेच्या आत शेजारचा घटक पुसला गेला तर तो गप्प बसतो.

मग बरोबर काय? सी९९ पासून इंटटाइप्स डॉट एच मध्ये मॅक्रो आहेत, यूइंट८ साठी एससीएनयू८, इंट३२ साठी एससीएनडी३२, छापायला पीआरआय ने सुरू होणारे. परसेंटचं चिन्ह कोट्समध्ये लिहून कोट्स बंद करायचे आणि मॅक्रो शेजारी ठेवायचा, स्ट्रिंग आपोआप जोडल्या जातात. दिसायला विचित्र आहे, सवय होते. काही कॉलेजांत अजून टर्बो सी वर शिकवतात, त्यात हे हेडरच नाही आणि इंटही दोनच बाइटचा, त्यामुळे घरी जीसीसी टाकाच.

पण थांबा, मॅक्रो वापरला म्हणजे सुटलो असं नाही. मी एससीएनयू८ लावून ३०० टाकलं, माझ्या लिनक्सवर ४४ आलं आणि स्कॅनएफने एक आकडा वाचला म्हणून १ परत दिलं, जणू सगळं छान. ३०० मधून २५६ गेले, उरले ४४. स्टँडर्ड तर म्हणतं की आकडा मावत नसेल तर काहीही होऊ शकतं. म्हणून माणूस जिथे टाइप करतो तिथे मी स्कॅनएफ वापरतच नाही. एफगेट्स ने पूर्ण ओळ घ्यायची, स्ट्रटोल ला बेस १० देऊन लाँगमध्ये बदलायची, आकडा कुठे संपला तो पॉइंटर बघायचा, रेंज तपासायची आणि मगच यूइंट८ मध्ये टाकायचं. एररनो (एररचा नंबर जिथे नोंदला जातो ते व्हेरिएबल) आधी शून्य करायला विसरू नका, स्ट्रटोल ते स्वतः शून्य करत नाही, जुनी एरर तशीच राहिली तर चांगला आकडाही नाकारला जाईल. विंडोजवर लाँग चार बाइटचा आणि ६४ बिट लिनक्सवर आठचा, म्हणून इंट६४ वाचायचा असेल तर स्ट्रटोइमॅक्स घ्या, काम तेच, फक्त सर्वात मोठ्या पूर्णांक टाइपमध्ये.

टाइप अनसाइन्ड आहे म्हणून स्ट्रटोयूएल कडे, म्हणजे स्ट्रटोलच्या अनसाइन्ड भावाकडे, पळू नका. त्याला उणे १ दिलं तर ते एरर देत नाही, सर्वात मोठा अनसाइन्ड आकडा परत करतं आणि एररनो शांत. लहान टाइपसाठी साधं स्ट्रटोल घ्या, शून्यापेक्षा कमी आला तर नाकारा. यूइंट६४ लाच अनसाइन्ड फंक्शन लागतं, तिथे आधी उणे चिन्ह आहे का ते स्वतः बघा.

हे वाचून एक आकडा घ्यायला एवढं कोण करणार असं वाटेल, मलाही वाटलं होतं. वीसेक ओळींचं फंक्शन होतं, एकदा लिहा, किमान आणि कमाल बाहेरून द्या, आयुष्यभर वापरा. मी आता एम्बेडेडमध्ये काम करते, माझं ते फंक्शन थोड्या फरकाने अजून चालू आहे. आणि ओरल? मॅडमनी दाखवल्यावर त्याच सकाळी दुरुस्त करून नेलं, गुण बरे मिळाले. तुमचंही होईल, घाबरू नका.

फंक्शन झालं की हे इनपुट द्या: रिकामी ओळ, ०, २५५, २५६, उणे १, पंचवीसला चिकटून अक्षरं, तीस अंकी आकडा. शून्य लावलेला आठ पण द्या, बेस १० च्या जागी चुकून ० दिला असेल तर स्ट्रटोल तो ऑक्टल (८ च्या पायातला, ज्यात ८ हा अंकच नाही) समजून शून्यावरच थांबतं. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेले २५ सुद्धा द्या, आमच्याकडे एका ऑपरेटरने खरंच दिले होते. स्ट्रटोल ला ते अंक ओळखत नाहीत, शेवटचा पॉइंटर सुरुवातीलाच राहतो आणि उत्तर शून्य येतं, पॉइंटर बघितला नाही तर शून्य खरं समजून पुढे जाल. आणि कंट्रोल डी (लिनक्सवर इनपुट संपल्याची खूण) दाबून बघा, एफगेट्स नल देतं, ते तपासलं नसेल तर बफरमधली जुनी ओळच परत वाचली जाते.