रूट ६६ साठी घडीचा नकाशा घेताना

अमेरिकेचा रूट ६६, म्हणजे शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा जुना महामार्ग, १९८५ मध्ये अधिकृत महामार्गांतून वगळला गेला, त्यामुळे साध्या रोड मॅपवर तो सलग सापडतच नाही. अख्ख्या देशाचा एकच नकाशा घेण्यापेक्षा राज्यागणिक सुटे नकाशे बरे. आधी न्यू मेक्सिकोचा उघडून बघा. १९३७ पर्यंत रस्ता सांता फेवरून वळसा घालत होता, नंतर सांता रोझाहून थेट अल्बुकर्कीकडे वळवला. दोन्ही रेषा वेगळ्या रंगांत, सालासकट दाखवल्या असतील तरच पैसे टाका. बंद तुकडे आणि कच्चे पट्टेही दिसायला हवेत. कागद जाड नको, चिवट हवा. गाडीत दहादा उलगडला की आधी घड्यांवरच फाटतो. आणि हो, वळणांच्या सूचना तुमच्या दिशेने छापल्यात ना? शिकागोहून निघून त्या उलट्या वाचत जाणं भलतंच वैतागाचं.