पुस्तक न वाचता ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ बघताना

टॉल्किनचं पुस्तक वाचलेलं नसलं तरी २००१ चा पहिला सिनेमा खुशाल बघा, फक्त सुरुवात चुकवू नका. अंगठी कुणी घडवली, ती कशी हरवली, हे सगळं तिथेच सांगून टाकलंय. पॉपकॉर्न आधीच घेऊन बसा.

खरा गोंधळ नावांचा होतो. साउरॉन आणि सारुमान हे दोघे वेगळे आहेत, हे आधीच पक्कं करून ठेवा. साउरॉन म्हणजे अंगठी घडवणारा, मोर्डोरचा काळा अधिपती. सारुमान हा पांढऱ्या वस्त्रांतला जादूगार, आयझेनगार्डच्या मनोऱ्यात राहणारा. शिवाय सरायीत भेटणारा स्ट्रायडर म्हणजेच अ‍ॅरागॉर्न. मध्य-पृथ्वीचा, म्हणजे या कथेतल्या जगाचा, नकाशाही दोन मिनिटं नजरेखालून घाला: प्रवास जिथून सुरू होतो ते शायर वायव्येला, जिथे जायचं ते मोर्डोर आग्नेयेला. मग प्रवास किती लांबचा आहे ते जाणवतं, आणि मला तर त्या प्रवासातच या कथेचा जीव वाटतो.

आधी चित्रपटगृहातली आवृत्तीच बघा, तीही जवळजवळ तीन तासांची आहे. वाढीव आवृत्ती दुसऱ्यांदा बघायला ठेवा. शेवट अर्धवट वाटेल, कारण गोष्ट २००२ आणि २००३ च्या भागांत पुढे जाते.