कमी बजेटमध्ये पीसी: डबा केवढा घ्यावा?

सांगलीत पीसी असेंबल करून देताना हल्ली प्रत्येक गिऱ्हाईक "लहानसा द्या, टेबलावर मावेल असा" म्हणतं. मावेल हो. पण लहान डबा (कॅबिनेट) म्हणजे कमी खर्च, हे गृहीत धरून येऊ नका.

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, मुख्यतः तीन मापांत येतो. एटीएक्स ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४.४ चा चौकोन आणि मिनी-आयटीएक्स १७ चा चौकोन. या सगळ्यात धाकट्याचीच किंमत त्याच तोडीच्या मायक्रो-एटीएक्सपेक्षा बहुतेक वेळा जास्त असते. तो खपतो कमी, आणि तेवढंच सगळं दाटीवाटीनं बसवायचं असतं. वर ग्राफिक्स कार्डासारखं जादा कार्ड खोचायला स्लॉट एकच. कॅबिनेट फारच चिमुकलं घेतलं तर नेहमीचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आत जात नाही, एसएफएक्स नावाच्या लहान मापाचा लागतो. तो महाग, आणि जळाला तर मागवून येईपर्यंत थांबायचं. साधा एसएमपीएस त्याच दिवशी बदलून मिळतो. ऐन सीझनला दुकानाचं बिलिंग बंद ठेवणं कुणाला परवडतं?

म्हणून बजेट बेताचं असेल आणि असेंबलच करायचा असेल, तर मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्या. कॅबिनेट मात्र थोडं मोठं, एटीएक्सचं घेतलं तरी हरकत नाही. हा बोर्ड त्यात व्यवस्थित बसतो. एप्रिल-मेमध्ये इथला उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, आत हवा खेळायला जागा हवी. मार्केट यार्डात पेढी असेल तर पुढची जाळी काढून धुता येते का ते आधी बघा. हळदीची धूळ पंख्यात बसली की प्रोसेसर तापतो आणि मशीन रडतखडत चालतं.

गेमिंग नसेल तर ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवा. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. त्याच्या जोडीला १६ जीबीची एक रॅम लावण्याऐवजी ८-८ च्या दोन लावा, फरक दिसतो. इंटेल घेताना नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. थोडा स्वस्त आहे म्हणून तो गळ्यात मारून घेऊ नका. पूर्ण एटीएक्स बोर्ड? दोन-तीन कार्डं लावणाऱ्यांसाठी. तुम्ही लावणार नाही.

आता खरंच लहान हवा असेल तर. टॅली, जीएसटी, ऑनलाइन फॉर्म, पोरांचा अभ्यास एवढंच काम असेल, तर असेंबलच्या भानगडीत पडू नका. ऑफिसांतून निघालेला मिनी पीसी रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला, घ्या. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी. लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतो, वीज कमी खातो, त्यामुळे लाइट गेल्यावर यूपीएसवर जास्त वेळ टिकतो. मॉनिटरच्या पाठीमागेही लावता येतो. २०१९ चा पूर ज्यांच्या दुकानात शिरला, त्यांना हा एका हातात उचलून माडीवर नेता येतो हे वेगळं पटवावं लागत नाही.

घेताना प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा बघा. आय५-८५००टी चालेल, आय५-७५००टी विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम लॅपटॉपच्या मापाची लागते, घरातली जुनी डेस्कटॉपची बसणार नाही.

याच ब्रँडची मधल्या मापाची, चपटी 'एसएफएफ' मशीनही स्वस्तात दिसतात. त्यांच्यात एसएमपीएस बहुधा कंपनीच्याच मापाचा असतो आणि ग्राफिक्स कार्ड फक्त बुटकं बसतं. पुढे गेमिंगचा विचार असेल तर लांबच राहा.

पैसे देण्याआधी दुकानदाराला मशीन चालू करायला लावा आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन दाखवायला सांगा. त्यासाठी चालू होताना दाबायचं बटण: डेलला एफ२, लेनोवोला एफ१, एचपीला एफ१०. तिथं पासवर्ड मागितला, तर जुन्या ऑफिसचं कुलूप तसंच आहे. ते काढून देत असेल तरच घ्या.