ही पन्नाशीच्या आतली, तरी दोघांचीही मुदतवाढ झाली

थायलंडला राहायला गेलो तेव्हा मी ५८ चा, ही ४७ ची. निवृत्तीच्या आधारावर तिथं राहण्याची (व्हिसाची) मुदतवाढ पन्नाशी पूर्ण झालेल्यांनाच मिळते. हिचं कसं होणार, या काळजीनं माझी झोप उडाली होती. वाट निघाली ती अशी: मी मुख्य अर्जदार, ही माझ्यावर अवलंबून. माझ्या एकट्याच्या खात्यात अर्जाआधी दोन महिने ८ लाख बाट ठेवले. हिच्यासाठी वेगळी रक्कम लागली नाही.

घोडं अडलं ते विवाह प्रमाणपत्रावर. खिडकीतल्या बाईंनी आधी हिच्या पासपोर्टवर बोट ठेवलं, मग प्रमाणपत्रावर. एकीकडे सासरचं आडनाव, दुसरीकडे माहेरचं! हिचा चेहरा पार उतरला. दूतावासातून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला आणला, थाई भाषांतर जोडलं, आणि शिक्का मिळाला. हे मी निघण्यापूर्वीच करायला हवं होतं.

शुल्क १,९०० बाट, पण माणशी. आणि देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी पुनर्प्रवेश परवाना (परत येईपर्यंत मुदतवाढ टिकवणारा कागद) दोघांचाही काढाच; तो नसला तर बाहेर पडताच मुदतवाढ रद्द होते. नवऱ्याची मुदतवाढ गेली की तिच्यावर टेकलेली बायकोचीही जाते.