परीक्षा आपण देतो, इंग्रजीत ती ‘टेक’ करतात: शब्दांच्या जोड्या कशा शिकायच्या

मराठीत पाऊस मुसळधार असतो आणि चहा कडक, मुसळधार चहा कोणी म्हणत नाही, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, ऐकून ऐकून डोक्यात बसलंय. इंग्रजीतही अशाच ठरलेल्या जोड्या आहेत, पाऊस हेवी पण वारा स्ट्राँग. ग्रामर बरोबर असून वाक्य खटकतं ते बऱ्याचदा इथेच.

म्हणून याद्या पाठ करत बसू नका, सुरुवात स्वतःच्या मराठीपासून करा. एक वही घ्या, दिवसभरात आपण काय काय बोलतो ते लिहा आणि समोर इंग्रजी जोडी शोधून लिहा. लक्ष देतो, तिकडे पे अटेन्शन. लाइट बंद करतो म्हणून क्लोज द लाइट तोंडात येतं, पाहिजे टर्न ऑफ. स्वप्न आपल्याला पडतं, तिकडे हॅव अ ड्रीम. लग्न कुणाशी झालं तर मॅरिड टू, विथ नाही. औषध घेणे, टेक मेडिसिन यासारखं जिथे दोन्हीकडे सारखंच आहे ते सोडून द्या, त्यात वेळ घालवायची गरजच नाही, जिथे क्रियापद बदलतं तेवढंच वहीत ठेवा.

शंका आली की गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर उघडा, फुकट आहे. मेक अ डिसिजन आणि टेक अ डिसिजन, मध्ये स्वल्पविराम देऊन टाका, छापील पुस्तकांत कुठलं किती येतं त्याचा ग्राफ दिसतो, ब्रिटिश आणि अमेरिकन वेगवेगळंही बघता येतं. दोन्ही बरोबर आहेत, पण अमेरिकेत मेकच जास्त.

फ्रेजल व्हर्बला, म्हणजे क्रियापदाला ऑफ, अप असे छोटे शब्द जोडून झालेल्या तुकड्याला, लोक उगाच घाबरतात. आपणही ‘काहीतरी करून बसला’ म्हणतो, त्यात बसण्याचा काय संबंध? तसंच पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. ऑफ, अप सुटं करून अर्थ लावायला जाऊ नका, अख्खा तुकडा एक शब्द समजून घ्या.

आणि नुसता तुकडा लिहू नका, स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करा, माझी डेंटिस्टची अपॉइंटमेंट मी पुट ऑफ केली असं खरंखुरं, कारण स्वतःवर घडलेलं विसरायला होत नाही. रोज 4-5 पुरे. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने इंग्रजी बाजू झाकून मराठीवरून मोठ्याने म्हणून बघा, जिथे अडखळाल तिथे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा.